नळीवर लिहिलेलं 'परत' : जनुक-अभिव्यक्तीच्या डेटाची समान मानकं

केतकीवन

नमस्कार मंडळी,

गेल्या महिन्यात एका प्रयोगशाळेकडून चोवीस नमुन्यांचा आरएनए-सीक्वेन्सिंगचा (म्हणजे कुठलं जनुक किती जागं आहे हे त्याच्या आरएनए प्रती वाचून मोजण्याचा) डेटा माझ्याकडे विश्लेषणाला आला. फायली नीट होत्या, एकही तुटलेली नव्हती. सोबत एक्सेलची शीट होती आणि तिच्यात नमुन्यांची नावं होती: क१, क२, क३, ट१, ट२, 'ट३ नवा', 'क२ परत'.

'परत' म्हणजे काय? आरएनए परत काढला, त्याच आरएनएची लायब्ररी (यंत्रात घालायला तयार केलेला तुकड्यांचा संच) परत बनवली, की उंदीरच दुसरा घेतला? ज्या मुलीने हे काम केलं होतं ती फेलोशिप संपवून परदेशी गेली होती. मी तिला मेल केला. तिने प्रामाणिकपणे कळवलं की आता आठवत नाही, वही तिथेच कपाटात आहे. वही मिळाली. त्या तारखेच्या पानावर एकच ओळ होती : "क२ परत केलं, छान आलं."

शेवटी दोन नमुने बाजूला ठेवावे लागले. त्यासाठी उंदरांचे जीव गेले होते, सरकारी पैसा खर्च झाला होता आणि एका मुलीने कित्येक रात्री जागवल्या होत्या. हे सगळं एका शब्दापायी वाया गेलं. मी बारा वर्षं पुण्यात हेच काम करतेय आणि असा शब्द प्रत्येक वेळी नव्या रूपात भेटतो. म्हणून हा धागा.

थोडी मागची गोष्ट सांगते. १९९५ साली स्टॅनफर्डच्या पॅट्रिक ब्राऊन यांच्या गटाने काचेच्या पट्टीवर डीएनएचे ठिपके छापून अ‍ॅराबिडॉप्सिस या मोहरीच्या कुळातल्या छोट्या रोपाच्या ४५ जनुकांची अभिव्यक्ती एकाच वेळी मोजली. हाच मायक्रोअ‍ॅरे. पुढच्या चार-पाच वर्षांत हजारो जनुकांच्या पट्ट्या निघाल्या. प्रत्येक प्रयोगशाळा आपली पट्टी आपण छापायची आणि ठिपक्यांचा क्रम आपण ठरवायची. एक नमुना लाल चकाकणाऱ्या रंगाने, दुसरा हिरव्याने रंगवायचा, दोन्ही एकाच पट्टीवर ओतायचे आणि कुठल्या ठिपक्यावर कुठला रंग किती तेज दिसतो ते पाहायचं. म्हणजे हातात येणारा आकडा म्हणजे नुसतं गुणोत्तर. कशाशी तुलना केली, रंग कुठला कोणाला लावला, पार्श्वभूमीची चकाकी वजा केली की नाही, हे कळल्याशिवाय त्या गुणोत्तराला अर्थ नाही. आणि शोधनिबंधांत छापली जायची ती लाल-हिरव्या चौकोनांची एक सुंदर आकृती. मागचे आकडे मागितले तर कोणी द्यायचं, कोणी नाही.

नोव्हेंबर १९९९ मध्ये इंग्लंडात केंब्रिजला या कामातली मंडळी जमली आणि त्यातून एमजीईडी (मायक्रोअ‍ॅरे जीन एक्स्प्रेशन डेटा) ही संघटना उभी राहिली. कुठल्या सरकारने सांगितलं नव्हतं, काम करणाऱ्यांनाच अडचण होत होती. डिसेंबर २००१ मध्ये अल्विस ब्राझ्मा आणि सहकाऱ्यांनी 'नेचर जेनेटिक्स'मध्ये 'मायामी' मांडलं, म्हणजे मायक्रोअ‍ॅरे प्रयोगाबद्दलची किमान माहिती. तिचे सहा भाग : प्रयोगाची आखणी, पट्टीची रचना, नमुने, संकरणाची (नमुना पट्टीवरच्या डीएनएला जोडण्याची) पद्धत, मोजमापं आणि आकडे समपातळीवर आणण्याची रीत.

यातला मला सगळ्यात शहाणा वाटतो तो 'किमान' हा शब्द. सगळं लिहा असं त्यांनी म्हटलं नाही. दुसऱ्या कोणाला तुमच्या निष्कर्षाचा अर्थ लावता यावा आणि तो तपासता यावा, एवढं लिहा. फाइल कुठल्या साच्यात द्यायची हेही त्यात नव्हतं, काय सांगायचं एवढंच होतं.

मग २००२ मध्ये त्यांनी नियतकालिकांच्या संपादकांना खुलं पत्र लिहिलं आणि 'नेचर'ने त्याच वर्षी १ डिसेंबरपासून अट घातली की मायक्रोअ‍ॅरेवरचा निबंध छापायचा तर डेटा सार्वजनिक भांडारात ठेवलाच पाहिजे. अमेरिकेत 'जिओ' हे भांडार २०००पासून होतं, युरोपात 'अ‍ॅरेएक्स्प्रेस' उभं राहिलं होतं, जपाननेही 'सिबेक्स' काढलं. माझ्या मते मानक खरं चालू झालं ते या अटीमुळे. नाहीतर चांगला हेतू आणि चांगला निबंध, दोन्ही कपाटात राहिले असते.

तुमचे अनुभव लिहा. प्रयोगशाळेत नसाल तरी विचारा, सोपं करून सांगायला मला आवडेल.


निवडुंग

मी निवृत्त जीवशास्त्र शिक्षक, सांगलीकडचा. एक प्राथमिक प्रश्न. तापमान मोजलं की सांगलीत आणि सिडनीत तोच अंश असतो. जनुकाची अभिव्यक्ती तशी का मोजता येत नाही? एकक ठरवलं की झालं, असं भाबडेपणाने वाटतं.


केतकीवन

निवडुंग सर, प्रश्न अजिबात भाबडा नाही, सगळ्याचं मूळ तिथेच आहे.

शरीरातल्या जवळजवळ प्रत्येक पेशीत डीएनए तोच. यकृताच्या पेशीत कुठली जनुकं जागी आहेत आणि मेंदूच्या पेशीत कुठली, हा खरा फरक. जागं जनुक स्वतःच्या आरएनए प्रती काढतं आणि आपण त्या प्रती मोजतो. पण त्या प्रती किती असतील हे तुम्ही नमुना सकाळी घेतला की संध्याकाळी, उंदीर उपाशी होता का, ऊतक काढल्यावर द्रव नायट्रोजनमध्ये जायला दोन मिनिटं लागली की वीस, यावर हलतं. तापमापीला ती कोणाच्या हातात आहे याची फिकीर नसते. आरएनएला असते! पाणी नीट स्वच्छ नसेल, हातमोजा बदलला नसेल, तर तो तुमच्या डोळ्यांदेखत तुटतो.

त्यात सीक्वेन्सिंगमध्येही आपण एकूण प्रतींतला वाटा मोजतो. एक जनुक भरमसाट वाढलं की बाकीच्यांचा वाटा आपोआप कमी दिसतो, ती हललेली नसली तरी. यावर उपाय म्हणून ज्ञात प्रमाणात कृत्रिम आरएनए मिसळायची पद्धत आली. ९२ कृत्रिम आरएनएंचं एक मिश्रण त्यासाठी मिळतं आणि त्यामागचे संदर्भ-डीएनए अमेरिकेच्या मानक संस्थेने तयार केले. उपयोग होतो, पण मिश्रण घालणारा हातही माणसाचाच. म्हणून एककापेक्षा आधी लागते ती परिस्थितीची नोंद.


आडवाट

वाचतोय, छान चाललंय. मी सॉफ्टवेअरवाला. माझ्या डोक्यात पहिलं येतं ते असं : एक पक्का साचा बनवा, त्यात न बसणारी फाइल भांडाराने स्वीकारूच नये. वीस वर्षांत हे का झालं नाही?


केतकीवन

आडवाट, झालं होतं! आणि ते फसलं, ती गोष्ट सांगण्यासारखी आहे.

२००२ मध्ये 'मेज-एमएल' नावाचा एक्सएमएल साचा आला. मोठ्या मेहनतीने बनवलेला, सगळ्या शक्यता धरून. पण तो समजून घ्यायला आणि त्यात फाइल तयार करायला प्रोग्रामर लागायचा. पाचजणांच्या प्रयोगशाळेत प्रोग्रामर कुठून आणणार? मोठ्या केंद्रांनी तो वापरला, बाकीच्यांनी हात जोडले.

मग २००६ मध्ये 'मेज-टॅब' आलं. ही साधी तक्त्याची फाइल, एक्सेलमध्ये उघडणारी. त्यातला नमुन्यांचा तक्ता मला फार आवडतो म्हणून जवळून दाखवते. प्रत्येक ओळ डावीकडून उजवीकडे वाचायची. पहिल्या रकान्यात मूळ प्राणी किंवा रोप, मग त्याची वैशिष्ट्यं : जात, लिंग, वय, अवयव. मग कुठल्या कृतीने आरएनए काढला. मग त्या अर्काचं नाव. मग त्याला कुठला रंग लावला. मग कुठल्या पट्टीवर टाकला. शेवटच्या टोकाला यंत्रातून निघालेल्या फाइलचं नाव. नमुना ज्या वाटेने गेला त्याच वाटेने तुमची नजर जाते. आणि माझी ती 'क२ परत' इथे लपूच शकली नसती. उंदीर दुसरा असता तर पहिला रकाना बदलला असता, आरएनए परत काढला असता तर अर्काचा, लायब्ररी परत बनवली असती तर त्याच्या पुढचा. शब्द कुठल्या रकान्यात पडतो यावरून अर्थ लागला असता.

कागदावर मेज-एमएल जास्त परिपूर्ण होतं. पण ज्याच्या हातात पिपेट आहे त्याला भरता येईल तेच मानक टिकतं, यावर माझा ठाम विश्वास आहे.


आडवाट

पटलं. एक्सेलचं नाव काढलंत म्हणून एक भर. आमच्या टीमला एकदा जनुकांची यादी आली होती, तिच्यात मधेच '२ सप्टेंबर' आणि '१ मार्च' अशी जनुकं. आम्हाला वाटलं तारखांचा रकाना सरकलाय. चार तास शोधलं. मग कळलं की सेप्टिन गटातल्या जनुकाचं चिन्ह 'सेप्ट२' आणि दुसऱ्या एका गटातलं 'मार्च१', आणि एक्सेल त्यांच्या आपोआप तारखा करतं. त्यावर निबंध २००४ साली आलेला होता! २०१६ मध्ये 'जिनोम बायॉलॉजी'तल्या पाहणीत दिसलं की एक्सेलमध्ये जनुकांच्या याद्या जोडणाऱ्या निबंधांपैकी साधारण पाचव्या हिश्शात अशा चुका आहेत. शेवटी २०२० मध्ये मानवी जनुकांची नावं ठरवणाऱ्या समितीने जनुकांचीच चिन्हं बदलली : 'सेप्टिन२', 'मार्चएफ१'.

शास्त्रज्ञांनी सॉफ्टवेअरपुढे नमतं घेतलं म्हणून काहींना राग आला होता. मला तो निर्णय योग्यच वाटतो. लोक जे हत्यार रोज वापरतात ते गृहीत धरून नियम करायचा.


मीनाक्षी_चार्ल्सकाठ

बॉस्टनजवळ राहते, संख्याशास्त्रज्ञ आहे. केतकीवन, धाग्यासाठी मनापासून आभार. नोंद नसली की किती लांबवर नुकसान जातं याची दोन-तीन उदाहरणं देते.

पहिलं २००७ चं. 'नेचर जेनेटिक्स'मध्ये निबंध आला की युरोपीय वंशाच्या आणि चिनी-जपानी लोकांच्या पेशींत तपासलेल्या सुमारे ४,२०० जनुकांपैकी चौथ्या हिश्शाची अभिव्यक्ती वेगळी आहे. मोठी बातमी. काही महिन्यांनी दुसऱ्या गटाने दाखवलं की युरोपीय नमुन्यांच्या चिपा (म्हणजे मायक्रोअ‍ॅरेच्या पट्ट्या) मुख्यतः २००३-०४ मध्ये आणि आशियाई नमुन्यांच्या २००५-०६ मध्ये झाल्या होत्या. फरक लोकांतला की वर्षांतला, हे त्या डेटातून सांगताच येईना. दोन्ही एकमेकांत पूर्ण गुंतलेले. चिप स्कॅन केल्याची तारीख कच्च्या फाइलच्या माथ्यावर यंत्र स्वतः लिहितं. माणसं लिहायला विसरतात ते यंत्राने लिहून ठेवलेलं असतं, म्हणून कच्च्या फायली जपायच्या.

दुसरं अगदी तसंच, पण सीक्वेन्सिंगच्या काळातलं. २०१४ मध्ये उंदीर आणि माणूस यांच्या १३ अवयवांची तुलना आली. निष्कर्ष असा की उंदराचं यकृत माणसाच्या यकृतापेक्षा उंदराच्याच मूत्रपिंडाशी जास्त मिळतंजुळतं आहे. ऐकूनच चमकायला होतं. २०१५ मध्ये योआव गिलाड आणि ओर्ना मिझराही-मान यांनी कच्च्या फायलींतल्या प्रत्येक तुकड्याच्या वरची ओळ वाचली. त्या ओळीत कुठलं यंत्र, कुठली फेरी, कुठली पट्टी हे असतं. त्यावरून त्यांनी प्रयोगाची आखणी उलगडली : नमुने पाच गटांत चालवले होते आणि उंदीर व माणूस एकत्र होते ते फक्त एका गटात. गटाचा परिणाम वजा केल्यावर बरेच अवयव आपापल्या भावंडांजवळ जाऊन बसले, यकृत यकृताशेजारी. मूळ लेखकांनी यावर आपलं म्हणणं मांडलं आणि वाद पुढेही चालला. पण 'गट' नावाचा एक रकाना निबंधासोबत छापला असता तर वाद सुरूच वेगळ्या जागेवरून झाला असता.

तिसरं लिहिताना आजही अस्वस्थ होते. ड्यूक विद्यापीठातून २००६ मध्ये दावा आला की गाठीतल्या जनुकांची अभिव्यक्ती पाहून कुठलं कर्करोगाचं औषध लागू पडेल ते सांगता येतं. ह्यूस्टनचे दोन संख्याशास्त्रज्ञ, कीथ बॅगर्ली आणि केविन कूम्ब्ज, यांच्याकडे डॉक्टर विचारत आले की आपणही हे वापरू या का. त्यांनी आकडे तपासायला घेतले. जनुकांच्या यादीत एक ओळ सरकलेली, म्हणजे प्रत्येक नाव शेजारच्या आकड्याला चिकटलेलं. काही औषधांत 'लागू पडतं' आणि 'लागू पडत नाही' ही लेबलं उलटी. म्हणजे पद्धत चालली असती तरी रुग्णाला नेमकं नको ते औषध मिळालं असतं! २००९ मध्ये त्यांनी हे सविस्तर छापलं. तोवर त्या आधारावर रुग्णांवर चाचण्या सुरू झाल्या होत्या. त्या २०१० मध्ये थांबल्या. पुढे गैरवर्तनही सिद्ध झालं, ते वेगळं. मला लागून राहतं ते हे की डेटा आणि कृती दोन्ही पहिल्या दिवशी उघड असत्या तर दुसऱ्याच आठवड्यात कोणाच्या तरी लक्षात आलं असतं.


निवडुंग

वाचून सुन्न झालो. एक विचारतो : मानक पाळलं असतं तर लेबलं उलटी झालीच नसती असं म्हणता येईल का?


मीनाक्षी_चार्ल्सकाठ

नाही सर. मानक चूक होऊ देत नाही असं नाही, चूक सापडू देतं. २००९ ची एक पाहणी बघा. 'नेचर जेनेटिक्स'मधल्या २००५-०६ च्या १८ निबंधांचे निकाल संशोधकांनी पुन्हा काढून बघायचे ठरवले. हे नियतकालिक डेटा ठेवायची अट घालणारं. तरी दोनांचे निकाल जुळले, सहांचे अर्धवट किंवा थोड्या फरकाने, दहांचे काढताच आले नाहीत. मुख्य कारण डेटा न मिळणं, आणि त्यानंतर नोंदी किंवा आकड्यांवरच्या प्रक्रियेचं वर्णन अपुरं असणं. अट होती, पण ती पाळली का हे बघायला कोणी बसलं नव्हतं.

आणि पाळलेल्या नोंदीही खऱ्या असतीलच असं नाही. २०१६ मध्ये कॅनडातल्या एका गटाने सार्वजनिक डेटातले ७० संच घेतले आणि एक साधी गोष्ट तपासली : नोंदीत लिहिलेलं लिंग जनुकांशी जुळतं का? 'झिस्ट' हे जनुक बाईच्या पेशींत जागं असतं. 'केडीएम५डी' आणि 'आरपीएस४वाय१' वाय गुणसूत्रावर, म्हणून पुरुषात. ७० पैकी ३२ संचांत एकतरी नमुना उलटा निघाला. लिंग ही तपासता येण्यासारखी गोष्ट म्हणून ही अदलाबदल दिसली. 'रुग्ण' आणि 'निरोगी' यांची अदलाबदल झाली असेल तर ती कशाने दिसणार?

माझ्याकडे काहीही आलं की मी सगळ्यात आधी ही तीन जनुकं बघते. दोन मिनिटांचं काम आहे. कृपया सगळ्यांनी करा.


पिपेट

पीएचडीचं चौथं वर्ष. दुसरी बाजू मांडू का? राग मानू नका.

माझा दिवस सकाळी साडेआठला सुरू होतो. प्राण्यांची देखभाल, पेशींना अन्न बदलणं, जिथे आरएनए काढायचा तिथे फ्यूम हूडसाठी रांग. नळीच्या झाकणावर लिहायला जागा किती? बोटाच्या नखाएवढी. त्यावर मी 'क२' लिहिते कारण तेवढंच मावतं. अल्कोहोलने टेबल पुसताना हात लागला की तेही जातं. उणे ऐंशीच्या फ्रीजमधून काढल्यावर वर बर्फाचा थर येतो, तो अंगठ्याने पुसला की शाई अंगठ्यावर. आणि निबंध गेल्यावर भांडाराचा फॉर्म भरायला सांगतात तेव्हा दोन वर्षांपूर्वीच्या गोष्टी विचारतात. तीन दिवस जातात. त्याचं श्रेय कुठेही मोजत नाहीत. वर भीती असते की डेटा खुला केला तर दुसरं कोणी आधी निबंध काढेल.

विश्लेषण करणाऱ्यांना हे सगळं 'निष्काळजीपणा' वाटतं, ते मनाला लागतं.


केतकीवन

पिपेट, राग कसला, उलट तू लिहिलंस म्हणून धागा पुरा झाला. वर मी त्या मुलीच्या वहीतली ओळ उतरवली तेव्हा ती निष्काळजी होती असं मला म्हणायचं नव्हतं, पण ते तसं वाचलं जाऊ शकतं हे आता दिसतंय. तिला कोणी रकाने आखून दिलेच नव्हते. चूक तिला ते न देणाऱ्यांची, आणि त्यात माझ्यासारखी विश्लेषक मंडळीही आली. आम्ही नमुने आल्यावर तक्रार करतो. प्रयोग सुरू व्हायच्या आधी जाऊन बसत नाही. मी यंदापासून तसं ठरवलंय : पहिला उंदीर हातात घ्यायच्या आधी तासभर एकत्र बसायचं आणि शीट बनवायची.

तुझ्या नळीबद्दल. झाकणावर फक्त क्रमांक असू दे, १ ते २४, अर्थ काहीच नको. अर्थ सगळा शीटमध्ये. 'क' म्हणजे 'कंट्रोल' असं झाकणावर लिहिलं की नमुना बदलला तरी नाव तेच राहतं आणि तिथेच 'नवा', 'परत' सुरू होतं. क्रमांकाला 'परत' जोडता येत नाही, नव्या नळीला २५ मिळतो. आणि अतिथंडीसाठीची चिकटपट्टी लेबलं मिळतात, अल्कोहोलने न जाणारी. प्रयोगशाळेला मागून घे. महागडं अभिक्रियक घेताना कोणी दोनदा विचार करत नाही, मग लेबलांना का करावा?

दुसरं कोणी आधी निबंध काढेल ही भीती खरी आहे, पण तिला उत्तर आहे. जिओमध्ये डेटा निबंध छापून येईपर्यंत खाजगी ठेवता येतो आणि परीक्षकांना तेवढ्यापुरती किल्ली देता येते. म्हणजे आज भरून ठेव, उघडू दे नंतर. तीन दिवस लागतात ते दोन वर्षांनी आठवावं लागतं म्हणून. त्याच दिवशी लिहिलं तर दिवसाला पाच मिनिटं.

श्रेयाचं मात्र तू म्हणतेस ते शंभर टक्के खरं. ते बदलायला हवं आणि ते मार्गदर्शकांच्या आणि निधी देणाऱ्यांच्या हातात आहे.


दवबिंदू_चाकण

मी वनस्पतिरोगशास्त्रातला. कांद्यावर काम करतो. इथे सगळी चर्चा उंदीर आणि माणसांची चाललीय म्हणून शेतातलं सांगतो.

'करपा' हा शब्द घ्या. शेतकरी येतो, म्हणतो करपा आलाय. कांद्यावर जांभळा करपा आल्टर्नेरिया पोराय या बुरशीचा, तपकिरी करपा स्टेम्फिलियमचा, काळा करपा आणखी वेगळ्या बुरशीचा. भातावरचा करपा म्हणजे चौथीच बुरशी, तिलाच काही भागांत मानमोडी म्हणतात. टोमॅटोवर लवकर येणारा करपा आल्टर्नेरियाचा, उशिरा येणारा फायटोफ्थोराचा, जी धड बुरशीही नाही. केळीवर करपा म्हणजे सिगाटोका. शेतकऱ्याच्या दृष्टीने शब्द बरोबर आहे, पान करपलेलं दिसतं. पण डेटाच्या रकान्यात 'करपा' लिहिलं आणि पाच वर्षांनी कोणी 'करप्याला प्रतिकार करणारी जनुकं' शोधायला बसलं, तर त्याच्यासमोर सात रोगांचं कडबोळं येईल.

आमच्याकडे हे एकदा झालंय. जुन्या प्रकल्पातल्या नमुन्यांवर 'करपा, मध्यम' एवढंच. कुठला करपा? 'मध्यम' कोणाच्या नजरेने? पानाचा किती टक्के भाग? फोटोही नव्हता. ते नमुने आजही फ्रीजमध्ये जागा अडवून आहेत, टाकवत नाहीत.

केतकीवन, यासाठी काय करतात?


केतकीवन

दवबिंदू, तुमचं उदाहरण मी पुढे शिकवताना वापरणार, परवानगी गृहीत धरते!

यासाठीच ठरीव शब्दसंग्रह बनले. २००० मध्ये जीन ऑन्टॉलॉजी आली, जनुकं काय करतात हे सांगायला, आणि मग प्रयोगांच्या वर्णनासाठी, पेशींच्या प्रकारांसाठी, वनस्पतींच्या अवयवांसाठी वेगवेगळे. प्रत्येक संकल्पनेला कायमचा क्रमांक. तुम्ही मराठीत लिहा, कोरियनमध्ये लिहा, क्रमांक तोच. रोगकारकासाठी जीवजातीचा वर्गीकरण क्रमांक वापरा, मग 'करपा' शेतकऱ्याच्या भाषेत शेजारच्या रकान्यात खुशाल राहू दे. तो काढू नका. पुढे कोणाला गावात जाऊन विचारायचं असेल तर तोच शब्द कामाला येईल.

'मध्यम'ऐवजी टक्के आणि फोटोचं नाव.

एकेका पेशीतला आरएनए वेगवेगळा मोजणाऱ्या डेटात हीच अडचण आता मोठ्या प्रमाणावर आलीय. एका नमुन्यात हजारो पेशी, आणि प्रत्येक गट आपल्या पेशीसमूहांना आपली नावं देतो. २०२० मध्ये त्यासाठी वेगळी किमान माहिती सुचवली गेली : ऊतकातून पेशी सुट्या कशा केल्या, कुठल्या कसोटीने वेचल्या, प्रकार ठरवला तो कशावरून. शेवटचा मुद्दा सगळ्यात जास्त राहून जातो.


आडवाट

आपल्याकडे भारतात डेटा ठेवायला जागा आहे का? की सगळं बाहेरच पाठवायचं?


केतकीवन

आहे. फरिदाबादला इंडियन बायॉलॉजिकल डेटा सेंटर नोव्हेंबर २०२२ मध्ये सुरू झालं. त्याआधी २०२१ मध्ये जैवतंत्रज्ञान विभागाने डेटा वाटून घेण्याबद्दल मार्गदर्शक तत्त्वं काढली होती. सार्वजनिक पैशातून तयार झालेला डेटा अशा ठिकाणी यावा हा त्यामागचा विचार. मला हे फार महत्त्वाचं वाटतं. पण जागा मिळाली म्हणजे काम झालं असं नाही. गोदाम बांधून पोत्यांवर चिठ्ठ्याच लावल्या नाहीत, तर आत काय आहे ते कोणाला कळणार?

माणसांच्या नमुन्यांबाबत एक सावधगिरी. कच्च्या आरएनए-सीक्वेन्सिंगमध्ये त्या व्यक्तीचा जनुकीय ठसा असतो, नाव काढलं तरी. म्हणून ते खुल्या भांडारात न टाकता नियंत्रित प्रवेशाच्या भांडारात ठेवायचं आणि संमतिपत्रात आधीच त्याचा उल्लेख करायचा. नंतर दारोदार जाऊन संमती घेणं अशक्य होतं.


पिपेट

काल मार्गदर्शकांशी बोलले. लेबलं मागवायला हो म्हणाले. शीट मी स्वतः आखली, आता २४ ऐवजी ३६ नळ्या आहेत आणि कोणाच्याही झाकणावर 'क' नाही. केतकीताई, खूप आभार.


दवबिंदू_चाकण

मीही रकाने आखले, बघून सांगा. नमुना क्रमांक. वाण. लागवडीची तारीख. वाफ्याचा क्रमांक. रोगकारक आणि त्याचा वर्गीकरण क्रमांक. शेतकऱ्याने सांगितलेलं नाव. पानाचा बाधित भाग टक्क्यांत. फोटो. कुठलं पान, आतून मोजून. तोडल्याची तारीख आणि वेळ. नायट्रोजनमध्ये टाकेपर्यंत किती मिनिटं. आरएनए कोणी, कधी, कुठल्या किटने काढला, किटचा लॉट. आरएनएचा दर्जांक. लायब्ररीचा गट. सीक्वेन्सिंगची फेरी. फाइलचं नाव.

वेळेचा रकाना मुलांना जास्तीचा वाटला. मी ठेवलाय.


केतकीवन

वेळ ठेवाच, रोपांची जनुकं सूर्यावर चालतात. दोन बदल सुचवते. तारीख '०३/०४' अशी लिहू देऊ नका, तीन एप्रिल की चार मार्च हे पुढच्याला कळत नाही. वर्ष आधी, मग महिना, मग दिवस. आणि शेवटची फवारणी कधी, कशाची, हा रकाना वाढवा. बुरशीनाशकाने रोपाची जनुकंही हलू शकतात.

आणि निरोगी व बाधित नमुने एकाच दिवशी, एकाच गटात मिसळून काढा. मीनाक्षीने सांगितलेली गोष्ट तुमच्या वाफ्यातही घडू शकते.


दवबिंदू_चाकण

फवारणीचं डोक्यातच आलं नव्हतं. वाढवला. तारखाही बदलल्या.

उद्या सकाळी सहाला वाफ्यात जातोय. शीट छापून नेतोय आणि सगळ्यांना पेन्सिली दिल्यात. पात दवाने ओली असते, कागद भिजला की शाई फुटते, पेन्सिलीचं राहतं.